उलटून हाच

रविवार, ७ सप्टेंबर

गुरुवारच्या पानावर मी लिहिलं आहे की बाबांना आता एकही शब्द उरलेला नाही. ते चूक आहे. तिथे खोडत नाही, कारण खोडलं की चूक कुठे झाली होती ते नंतर सापडत नाही. इथे दुरुस्त करते. एक शब्द उरला आहे.

बुधवारी मी त्यांच्या मांडीवर नकाशा पसरला तेव्हा त्यांनी घशातून काहीतरी काढलं, ते मला खोकल्यासारखं वाटलं. काल त्याच नकाशावर तोच आवाज पुन्हा आला आणि या वेळी माझा कान त्यांच्या तोंडाशी होता. "उलटून." ल जवळजवळ नव्हता, पण शब्द तोच. म्हणजे बुधवारीही तोच असणार. दोन वेळा, असं धरते.

सगळं नीट लिहून ठेवावं, पुढे कोणी विचारलं तर आठवणीवर विसंबायला नको. बाबा ड्राफ्ट्समन. यंत्रांच्या सुट्या भागांचे नकाशे घरी बसून काढायचे. सात आठवड्यांपूर्वी टेबलाशीच झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. वॉर्डात वाचा-उपचाराच्या एक बाई येतात, त्यांना सगळे बोलबाई म्हणतात, त्यांच्या तोंडावरसुद्धा. त्यांनी सांगितलं की यांच्या कामातलं काहीतरी घरून आणा, ओळखतात का बघू. मी कपाटावरच्या गुंडाळ्या काढल्या, तर एकीत ग्लायडरचा, म्हणजे बिनइंजिनाच्या खेळण्यातल्या विमानाचा नकाशा निघाला. ग्लायडर छोटा, हातभर लांब, हलक्या लाकडाचा. कोपऱ्यातली तारीख मी अकरा वर्षांची असतानाची. एक धड, एक शेपूट, एक पंख. पंखाखाली त्यांच्या उभ्या अक्षरात लिहिलंय : "दुसरा पंख : उलटून हाच." त्या वर्षी आम्ही तो करणार होतो. केला नाही. लाकूड मात्र कपाटात तसंच आहे, बाल्साच्या पातळ पट्ट्या, दोऱ्याने बांधलेल्या. हातात घेतल्या की काही घेतलंच नाही असं वाटतं.

अठरा तारखेला बोलबाई बाबांची तपासणी करून अहवाल देणार. यांना समजतंय असं ठरलं तर उपचार केंद्रात जागा, तिथे माणसांना पुन्हा बोलायला शिकवतात. महिनाअखेर एकच खाट रिकामी होते आहे. समजत नाही असं ठरलं तर कायम निवास. तो गाडीने चार तासांवर आहे. दादा बघून आला, स्वच्छ आहे म्हणाला. तिथून परत आलेलं कोणी वॉर्डात कोणाला माहीत नाही.

म्हणून मी ग्लायडर करते आहे. एकेक भाग झाला की नेऊन दाखवायचा. स्वतःची रेघ माणूस ओळखेल, आणि एक ओळखीची वस्तू दिसली की तिच्यामागून दुसरा शब्द येईल, असं मला वाटतं. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "कर." लहान मुलाला आपण म्हणतो तसं.

सोमवार, ८ सप्टेंबर

काल शब्दाचा अर्थ लिहायचा राहिला. आमच्या घराबाहेरच्या कोणी हे वाचलं तर चुकीचा अर्थ घेईल.

उलटून म्हणजे आमच्याकडे पुन्हा. आई गेली त्या वर्षी मी शाळेत जायची होते. बाबांनी पाठवलं नाही, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसवून स्वतः शिकवलं, चौदा वर्षांची होईपर्यंत. पाटीची एक बाजू भरली की पाटी उलटायची आणि तेच न बघता दुसऱ्या बाजूला लिहायचं. "उलटून," म्हणायचे. मग पाटी गेली, वह्या आल्या, पण शब्द राहिला. उलटून वाच. पाढा उलटून म्हण, म्हणजे शेवटाकडून नव्हे, परत पहिल्यापासून. नीट ऐकू आलं नाही की मी म्हणायचे, बाबा, उलटून सांगा.

हा शब्द जगात सगळीकडे असाच वापरतात असं मी धरून चालले होते. शाळेत पहिल्याच दिवशी गणिताच्या बाईंना मी अगदी नम्रपणे म्हणाले, "बाई, उलटून सांगा ना." वर्ग हसला. बाईंना वाटलं मी उलट बोलतेय, त्यांनी मला तासभर दाराबाहेर उभं केलं. घरी सांगितलं तर बाबा इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. मी हसले नव्हते.

सकाळी पाच फासळ्या कापल्या. फासळी म्हणजे पंखाच्या आतली आडवी पट्टी, खाली सपाट आणि वर फुगीर. एकीचं टोक तुटलं. पुन्हा केली.

बुधवार, १० सप्टेंबर

पंख झाला. नकाशा फळीवर पसरला, वर मेणकागद, म्हणजे डिंक चिकटत नाही. त्यावर रेघेवर रेघ ठेवून सगळं टाचण्यांनी रोवायचं. पुढची कड जाड आणि गोल, मागची सुरीच्या धारेसारखी. मी नखाच्या जाडीएवढीसुद्धा सूट घेतली नाही. नकाशात आहे ते आहे.

चारला कामावरून सुटून वॉर्डात गेले. (औषधांच्या गोदामात खोक्यांवरचे क्रमांक आणि मुदती यादीशी ताडून बघणं हे माझं काम. हे कंसात, कारण त्याचा इथे संबंध नाही.) बाबांनी पंख डाव्या हातात घेतला आणि बराच वेळ धरला. बोलले नाहीत. पण परतही दिला नाही, मला काढून घ्यावा लागला.

शेजारच्या खाटेवर सलूनवाले काका आहेत, कंबरेचं हाड मोडलेले. त्यांना वॉर्डात कोणाशी तरी बोलल्याशिवाय चैन पडत नाही आणि बाबा उत्तर देत नाहीत म्हणून ते त्यांच्यावर खूश आहेत. "चाळीस वर्षं गिऱ्हाईकांचं ऐकलं," म्हणाले, "आता जन्मात पहिल्यांदा मी बोलतोय आणि समोरचा मुकाट ऐकतोय." मग पंखाकडे बघून म्हणाले, एका पंखाने उडणारं पाखरू त्यांनी अजून पाहिलेलं नाही. मी सांगितलं की दुसरा करते आहे.

शनिवार, १३ सप्टेंबर

दुसरा पंख पहिल्यापेक्षा चांगला झाला. हात बसला आता. एकावर एक ठेवून बघितले, केसाचाही फरक नाही. कड कडेवर, टोक टोकावर. उजेडासमोर धरले तरी एकच वाटतात. आयुष्यात इतकं बिनचूक मी काही केलेलं नाही, आणि हे लिहिताना मला थोडी शरम वाटते, पण खरं आहे.

बाबांना तसेच एकावर एक नेऊन दाखवले. त्यांनी बघितले. मग म्हणाले, "उलटून."

मी विचारलं, पुन्हा करू? नीट नाही झाला? त्यांनी परत तेच म्हटलं.

काय चुकलं ते घरी येऊन भिंग लावून शोधलं. तिसऱ्या फासळीशी डिंकाचा एक थेंब ओघळलेला आहे. एवढाच. ते थेंबसुद्धा सोडायचे नाहीत कधी.

रविवार, १४ सप्टेंबर

उलटून करते. दादाला फोनवर सांगितलं की बाबांनी दोनदा शब्द उच्चारला. तो म्हणाला, बरं. वहिनी मागून म्हणत होती की तिला जेवायला इकडे बोलवा.

बुधवार, १७ सप्टेंबर

तिसरा पंख. थेंब नाही, ओरखडा नाही, तोच आकार. मला खात्री होती की आज ते समाधानाने मान हलवतील. निदान गप्प राहतील, म्हणजे झालं असं समजता येईल.

"उलटून," म्हणाले. मग मोठ्याने, "उलटून, उलटून." मी तिन्ही पंख रचून दाखवले, बघा बाबा, अगदी सारखे. त्यांनी डावा हात ट्रेवर आपटला. दुधाचा पेला पडला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. परिचारिका म्हणाली, झटक्यानंतर असं येतं पाणी, त्याला अर्थ नसतो, मनाला लावून घेऊ नका.

माझ्या लक्षात आलं ते लिहिते, लिहायला नको वाटतं तरी. मी काहीही दाखवलं तरी ते पुन्हा म्हणतात. चांगलं दाखवलं तरी पुन्हा. म्हणजे त्यांना पंख दिसतच नाही. फक्त शब्द येतो, नळ गळतो तसा.

उद्या तपासणी. खरं तेच सांगायचं.

गुरुवार, १८ सप्टेंबर

बोलबाईंनी बाबांपुढे चमचा, किल्ली आणि कंगवा ठेवला आणि किल्ली कुठली ते दाखवा म्हणाल्या. बाबा खिडकीकडे बघत होते. डोळे मिटा म्हटल्यावर मिटले, पण उशिरा, मी मनात सतरा मोजले होते. मग बाईंनी विचारलं की घरच्यांना काही शब्द ऐकू आले का. दादा माझ्याकडे बघायला लागला.

मी सांगितलं. बाई एकदम पुढे सरकून बसल्या. "उलटून? काही उलटवायला सांगतात का ते? कूस बदलायची असेल. किंवा तुमच्या हातातलं काही?"

मी म्हटलं, "नाही मॅडम. आमच्या घरी त्याचा तो अर्थ नाही." आणि पाटीपासून सगळं सांगितलं. अर्धवट सांगणं मला खोटं बोलण्यासारखंच वाटतं. त्या ऐकत होत्या आणि लिहीत होत्या. मग विचारलं, हा पुन्हाचा अर्थ त्या त्या वेळी लागू पडत होता का?

मी विचार केला. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा नकाशावर तोच शब्द समोर लिहिलेला होता, तेव्हा नुसता वाचला असेल. नंतर दोन पंख, मग तीन, सगळे बिनचूक, तरी पुन्हा. मी म्हटलं, "नाही. लागू पडत नव्हता."

"तुमची खात्री आहे?"

"हो."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. म्हणाल्या की अशा रुग्णांत एखादा जुना शब्द अडकून राहतो आणि कशालाही तोच निघतो, याला समज म्हणता येत नाही, आणि मी स्वच्छ माहिती दिली म्हणून त्यांचं काम सोपं झालं. खाली माहिती देणाऱ्याची सही लागते. ती मी केली.

जिन्यात दादा म्हणाला की मी बरोबर तेच केलं. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला, असं तो कधी करत नाही.

सोमवार, २२ सप्टेंबर

आधी झालं ते क्रमाने. शुक्रवारी बाबांना ताप चढला. शनिवारी निकाल कळला : कायम निवास, गुरुवार, ९ ऑक्टोबर, सकाळी गाडी येईल. दादाने तिथेच संमतीवर सही केली. मीही केली. रविवारी ताप उतरला, पण डॉक्टर म्हणाले की आत आणखी एक बारीक झटका येऊन गेला असावा. त्या दिवसापासून बाबांनी कुठलाच आवाज काढलेला नाही. तो शब्दही नाही.

आज मी पंख परत न्यायला गेले. बाबांच्या खाटेशेजारच्या कपाटावर पडून होते, परिचारिकेला अडचण होत होती. पिशवीत भरत असताना सलूनवाले काका उशीवरून मान काढून बघत होते. म्हणाले, "तीन-तीन डावे घेऊन काय करणार पोरी?"

मला कळलं नाही. मी म्हटलं, डावे कसले, हा एक डावा, हा उजवा, आणि हा परत केलेला.

ते म्हणाले, "आण इकडे." दोन पंख हातात घेऊन छातीच्या दोन बाजूंना धरले. "ही जाड कड पुढे ना? मग हा बसला डावीकडे. आता हा उजवीकडे लाव बघू. धार पुढे येते. धार मागे घेतली तर सपाट पोट वर येतं. दोन्ही पायांत डावा बूट घातल्यासारखं झालंय तुझं. चाळीस वर्षं आरशात बघून लोकांचे कल्ले सारखे केलेत मी, डावा कुठला न् उजवा कुठला, मला डोळे मिटून कळतं."

मी ते हातात घेऊन फिरवून बघितले. सगळ्या बाजूंनी.

"आणि तुझा बाप तर घसा फोडून सांगत होता," काका म्हणाले. "उलटून, उलटून. अख्ख्या वॉर्डाने ऐकलं. मला वाटलं तू मुद्दाम ऐकत नाहीस, असेल काही बापलेकीचं."

मंगळवार, २३ सप्टेंबर

नकाशाच्या मागच्या बाजूला तेलाचा पुसट डाग आहे. कागदाला तेल लावून उलटला की रेघा पलीकडून दिसतात, आणि तिथे उजवा पंख असतो. कोणीही ड्राफ्ट्समन दोन सारख्या बाजू दोनदा काढत नाही. मला बाबांनी सगळं शिकवलं, नकाशा वाचायला तेवढं शिकवलं नाही.

उलटून हाच.

कामावर गेले नाही.

बुधवार, २४ सप्टेंबर

बोलबाईंना गाठलं. त्यांच्या खोलीत दोन खुर्च्या आहेत, एकीवर फायली असतात. त्यांनी फायली उचलून खाली ठेवल्या आणि मला बसवलं. मी पंख दाखवले, सगळं सांगितलं. त्यांनी पंख स्वतः फिरवून बघितले.

मग म्हणाल्या की केंद्रातली खाट सोमवारीच दुसऱ्या रुग्णाला गेली. शिक्षिका आहे, माझ्याहून फार मोठी नाही. म्हणाल्या, "गुरुवारी तुम्ही खात्रीने एक सांगितलंत. आज खात्रीने दुसरं सांगताय. मी काय लिहू?"

मी म्हटलं, आजचं.

"आज ते तो शब्द म्हणतायत?"

"नाही."

"त्यांच्या मनात पुन्हा असंच असण्याची शक्यता आहे का? तुमच्याशी ते आयुष्यभर त्याच अर्थाने बोलले, तुम्हीच सांगितलंत."

मी हो म्हटलं. शक्यता आहे. नाही कसं म्हणणार? त्यांनी ट्रेवर हात आपटला तेव्हा पेला पडला होता आणि मी फडका शोधत होते. डोळ्यांतलं पाणी तेवढं दिसलं, त्यांचा चेहरा कसा होता ते मी बघितलंच नाही. जे बघितलं नाही त्यावर शपथ कशी घेणार?

बाई म्हणाल्या की माहिती देणाऱ्याने आपलीच माहिती चुकीची होती असं लेखी दिलं, तर त्यांना फेरतपासणी करावीच लागते, सहा आठवड्यांनी. पण त्या दिवशी समोर जे दिसेल तेच त्या लिहिणार. आणि आता जे दिसतंय त्यावरून मी फार आशा धरू नये. हे त्यांनी दोनदा सांगितलं. आणखी एक. हरकत नोंदवली की निवासातली जागाही रद्द होते, वॉर्डात थांबता येत नाही, माणूस घरी न्यावा लागतो. हरकत दर मंगळवारी घेतात, दहा ते बारा.

दाराशी त्या म्हणाल्या, "माझ्याच मनात पहिल्यांदा आलं होतं ते." आपल्याशीच बोलल्यासारख्या. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

रविवार, २८ सप्टेंबर

दादा आला. बस चालवतो तो, रविवारी दुपारी सुटतो. त्याला टेबलाशी बसवून पंख दाखवले. त्याला सलूनवाल्या काकांपेक्षाही लवकर कळलं, दोनच सेकंदांत. मग तो पंखांकडे बघेना.

तो म्हणाला, "दहा आठवडे मी एकच गोष्ट धरून चाललोय, की त्यांना काही समजत नाही. त्यावर मी झोपतो. आता तू सांगतेस त्यांना सगळं समजत होतं. म्हणजे दोन माणसं त्यांना कुशीवर वळवतात तेही समजत होतं. त्यांच्यासमोर मी निवासाचं बोललो तेही. तुला हे खरं असायला हवंय?"

मी म्हटलं, हवं-नकोचा प्रश्न नाही, खरं काय तो आहे.

"तुला माहीत आहे खरं काय?"

मी म्हटलं, नाही.

"झालं तर मग."

मी त्याला विचारलं की त्याच्याशी बोलताना बाबा तो शब्द कुठल्या अर्थाने वापरायचे. तो म्हणाला, "मला त्यांनी कधी काही उलटून सांगितलं नाही. एकदा सांगायचे. नाही कळलं तर ती माझी चूक." मी त्याला समजावलं की तो तेव्हा शाळेत जात होता, त्याला शिकवायला बाई होत्या, त्यामुळे गरजच नव्हती. त्याने कप उचलला आणि मोरीवर जाऊन विसळला. आमच्याकडे तो कधी कप विसळत नाही. का विसळला ते कळलं नाही.

जाताना म्हणाला की तो मला अडवणार नाही, आणि माझ्याबरोबर येणारही नाही. नऊ तारखेला तो सुट्टी काढणार आहे. गाडीत बाबांबरोबर कोणीतरी हवं.

गुरुवार, २ ऑक्टोबर

कागदाला तेल लावून उलटला आणि उजवा पंख केला. पाच सकाळी लागल्या, शेवटच्या दिवशी पट्टी संपत आली तेव्हा एका डाव्या पंखाच्या फासळ्या सोडवून घेतल्या. धड, शेपूट. पातळ कागद चढवला, पाणी शिंपडून ताणला, वर लॅकरचा हात. नाकात शिशाचा तुकडा. तराजूसारखं दोन बोटांवर तोलून बघितलं, नकाशात खूण आहे तिथे बरोबर तोललं.

गोदामामागच्या मोकळ्या जागेत जेवणाच्या सुट्टीत सोडला. नाक वर करून उठला, क्षणभर थांबला आणि सरळ खाली आला. शिसं वाढवलं. मग चारेक सेकंद सरळ गेला, चारेक म्हणजे मी मनात मोजलेले, आणि भिंतीवर आपटला. डाव्या पंखाची पुढची कड चिरली. गोदामातले दोघे हमाल बघत होते. एकजण म्हणाला, ताई, छान गेला की. गेला नव्हता छान.

संध्याकाळी बाबांना दाखवला. चादरीवर ठेवला. त्यांचा हात पंखावरून फिरला, उजव्यावरून, मागच्या कडेने टोकापर्यंत. त्यानंतर तसाच चादरीच्या घडीवरूनही फिरला. म्हणून मी हे कशातच धरत नाही.

सलूनवाले काका भिंतीकडे तोंड करून झोपले होते. झोपले नव्हते बहुतेक.

शनिवार, ४ ऑक्टोबर

निवेदन चार वेळा लिहिलं. पहिलं दोन पानी झालं होतं, त्यात "बाबांना समजतं" असं पाच ठिकाणी होतं. ते मी सांगू शकत नाही. आता चार वाक्यं आहेत. अठरा सप्टेंबरला रुग्णाच्या एका शब्दाचा जो अर्थ मी सांगितला, तो त्या प्रसंगी लागू नव्हता असं मला आता वाटतं. तो शब्द रुग्णाने माझ्या कामातली प्रत्यक्ष चूक समोर असताना उच्चारला. त्या शब्दाचा सर्वांना माहीत असलेला अर्थ त्या चुकीला तंतोतंत लागू पडतो. ही चूक मला त्या वेळी दिसली नाही. खाली सही. "असं मला आता वाटतं" हे काढलं असतं तर निवेदन जास्त वजनदार झालं असतं, पण ठेवलं.

दरवाजा मोजला. चाकाची खुर्ची आत यायला तीन बोटं कमी पडतात. चौकटीची एक बाजू काढावी लागेल, सुताराने सोमवारी बघून सांगतो म्हटलं आहे. ड्रॉइंगचं टेबल खोलीबाहेर काढलं तर खाट बसते. टेबल ठेवायला जागा नाही, वहिनी म्हणाली त्यांच्या गॅलरीत ठेवेल, पण पावसाची झड येते तिथे. गोदामाच्या साहेबांना विचारलं. दोन आठवडे जमवतो, त्यापुढे दुसरं माणूस बघावं लागेल, असं ते म्हणाले. चांगल्या शब्दांत म्हणाले. दोन माणसं ज्यांना कुशीवर वळवतात त्यांना मी एकटी कशी वळवणार, हे परिचारिकेने दाखवलं. चादर ओढून. चौथ्या खेपेला मला जमलं. पण तेव्हा चादरीवर उशी होती, बाबा नव्हते.

सहा आठवड्यांनी बोलबाई येतील, किल्ली आणि कंगवा ठेवतील आणि बाबा खिडकीकडे बघतील. हे मला आत्ताच दिसतं. त्यानंतर निवासात जागा असेल की नाही कोणी सांगत नाही. दादाचं बरोबर असण्याची शक्यता माझं बरोबर असण्यापेक्षा जास्त आहे. हेही लिहिते.

आज बाबांना सगळं सांगितलं. मी काय म्हणाले होते, त्यांनी काय म्हटलं असावं, निवास म्हणजे काय, घरी आणलं तर काय काय होणार नाही. एकदाच सांगितलं, सावकाश. मग विचारलं, हरकत नोंदवू का? हो असेल तर डोळे मिटा.

त्यांनी डोळे मिटले. मी मोजायला सुरुवात केलेलीच नव्हती, त्यामुळे किती वेळाने ते सांगता येत नाही. आणि पाच वाजले होते. पाचच्या सुमाराला त्यांना रोज झोप लागते. हे निवेदनात घातलेलं नाही.

निवेदन खाकी पाकिटात घातलं आहे. परवाच्या दिवसाची आणि मंगळवारची रजा मांडली आहे.

हरकत नोंदवायची : मंगळवार, ७ ऑक्टोबर, सकाळी दहा.